चित्रातला उजेड पुरावा म्हणून वापरता येतो का?



आज एका फसलेल्या प्रकरणाची गोष्ट सांगते. प्रकरण म्हणजे प्रबंधातलं प्रकरण. ते माझंच होतं, चाळीस पानांचं होतं, आणि आता ते माझ्या प्रबंधात नाही.

तुमच्यापैकी बरेच जण पेट किंवा सेट-नेटच्या तयारीत आहात आणि "विषय कसा निवडायचा?" हा तुमचा नेहमीचा प्रश्न. माझा विषय अगदी सरळ वाटत होता: समकालीन चित्रकार भूदृश्य आणि प्रकाश कसा रंगवतात. विषय छान, चित्रं छान, गाइड चांगल्या. दुसऱ्या वर्षाच्या प्रगती सेमिनारला मी एका चित्रकाराची दोन चित्रं पडद्यावर शेजारी-शेजारी लावली आणि मोठ्या आत्मविश्वासानं म्हटलं, "बघा, शहर सोडून गावाकडे गेल्यावर यांच्या चित्रातला उजेड पिवळसर, ऊबदार झाला." मग या वाक्यावर स्थलांतर, स्मृती, मातीची ओढ असा मोठा डोलारा उभा केला.

बाहेरून आलेल्या एका ज्येष्ठ अभ्यासकांनी शांतपणे विचारलं, "हा पिवळेपणा चित्रातला आहे की छपाईतला?"

मी गप्प. कारण एक चित्र मी जुन्या कॅटलॉगमधून स्कॅन केलं होतं आणि दुसरं एका वेबसाइटवरून उतरवलं होतं. मूळ चित्रं मी पाहिलीच नव्हती. पुढे महिनाभर पत्रव्यवहार करून एक मूळ चित्र पाहायला मिळालं. त्यात तो पिवळेपणा नव्हता. कॅटलॉगचा कागद जुना होऊन पिवळा पडला होता, एवढंच. म्हणजे मी चाळीस पानं एका कागदाच्या म्हातारपणावर लिहिली होती!

त्या दिवशी घरी येताना रडू आलं, हे कबूल करते. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. चित्रात दिसणाऱ्या उजेडावरून इतिहासाबद्दल काही ठामपणे म्हणता येतं का? येत असेल तर कोणत्या अटींवर? आज मी या प्रश्नापर्यंत कशी आले आणि तीन समकालीन कलावंतांकडून काय शिकले, ते सांगते. तुमचा विषय कलेतिहास नसला तरी चालेल. पुरावा कसा वाचायचा हा प्रश्न सगळ्यांचाच असतो.

आधी शब्द तपासा

पहिली अडचण भाषेत होती. इंग्रजीतल्या 'लँडस्केप'ला आपण सवयीनं 'निसर्गचित्र' म्हणतो. माझ्या पहिल्या यादीत त्यामुळे काय आलं? डोंगर, नदी, शेत, समुद्र, कोकणातली वाडी. गिरणीची चिमणी, रेल्वेचा पूल, नाला, इमारतींच्या गच्च्या यांतलं काहीच आलं नाही. कारण ते 'निसर्ग' नाही.

मुळात 'लँडस्केप' हा शब्द इंग्रजीत डच भाषेतून, चित्रकारांच्या बोलीतून सोळाव्या शतकाच्या अखेरीस आला. त्या शब्दात 'जमीन' आहे, 'निसर्ग' नाही. जमिनीचा एखादा पट्टा नजरेत जसा येतो, तसा. मग त्यात पवनचक्कीही आली, बंदरही आलं आणि गावही आलं. आपण 'निसर्गचित्र' म्हटलं की शहर आपोआप गळतं. म्हणून मी आता 'भूदृश्य' हा शब्द वापरते. शब्द बदलल्याबरोबर माझा नमुना, म्हणजे अभ्यासासाठी निवडलेल्या चित्रांची यादी, जवळजवळ दुप्पट झाली.

'प्रकाश' या शब्दाचंही तसंच. मराठीत ऊन वेगळं, उजेड वेगळा, चांदणं वेगळं. झुंजुमुंजु, तिन्हीसांजा, कवडसा, तिरीप, झळ हे सगळे उजेडाचेच प्रकार. प्रत्येकात वेळ, जागा किंवा अंगाला होणारा स्पर्श आहे. 'प्रकाश' हा सगळ्यांना एकाच डब्यात भरणारा पुस्तकी शब्द. तुम्ही प्रबंधात 'प्रकाश' लिहाल तेव्हा स्वतःला विचारा: मला नेमकं काय म्हणायचंय? उन्हाचा रंग? सावलीची दिशा? दिवसाची वेळ? की कॅनव्हासवरच्या रंगाची चमक? या चार गोष्टींसाठी चार वेगळे पुरावे लागतात.

सांगायची गोष्ट अशी की सिनॉप्सिस लिहिण्याआधी विषयातल्या मुख्य दोन-तीन शब्दांना उलटं-पालटं करून बघा. शब्द काय आत घेतो आणि काय बाहेर ठेवतो, ते कागदावर लिहा.

चित्रावरून तारीख, चित्रावरून धूर

'चित्रातला उजेड पुरावा होऊ शकतो' असं मानणारे लोक आहेत, आणि ते साधे नाहीत. तीन उदाहरणं बघू.

क्लोद मोने यांचं 'इम्प्रेशन, सूर्योदय' हे चित्र तुम्हाला माहीत असेल. १८७४ च्या प्रदर्शनात ते लागलं आणि त्यावरून 'इम्प्रेशनिस्ट' हे नाव पडलं. डोनाल्ड ओल्सन या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञांनी त्यातल्या सूर्याची क्षितिजावरची उंची, ल हाव्र बंदरातली भरती-ओहोटी, हॉटेलची जागा आणि जुन्या हवामानाच्या नोंदी एकत्र लावल्या आणि सांगितलं की हे दृश्य बहुधा १३ नोव्हेंबर १८७२ च्या सकाळी साडेसातच्या सुमाराचं असावं.

दुसरं उदाहरण ग्रीक शास्त्रज्ञ झेरेफोस आणि सहकाऱ्यांचं. २००७ मध्ये त्यांनी १५०० ते १९०० या काळातल्या सूर्यास्ताच्या शेकडो चित्रांतलं लाल आणि हिरव्या रंगाचं प्रमाण मोजलं. तांबोरा (१८१५) आणि क्राकाटोआ (१८८३) यांसारख्या ज्वालामुखींच्या उद्रेकांनंतर सूर्यास्त लालभडक होतात, आणि चित्रांतही तो फरक दिसतो, असा त्यांचा दावा.

तिसरं अगदी अलीकडचं. २०२३ मध्ये ऑलब्राइट आणि हायबर्स या वातावरण-अभ्यासकांनी टर्नर आणि मोने यांची सुमारे शंभर चित्रं तपासली. लंडन आणि पॅरिसच्या हवेत गंधकाचा धूर वाढला, तसतसा या चित्रांतला ठळकपणा कमी होत गेला आणि धूसरपणा वाढला, असं त्यांनी मांडलं.

वाचताना थरारून जायला होतं ना? मलाही झालं. पण लगेच दुसरी बाजू बघा. मोने यांच्या रूआँ कॅथेड्रलच्या मालिकेचं उदाहरण घ्या. ते १८९२ आणि १८९३ मध्ये जागेवर बसून एकेका प्रहराचं ऊन वेगवेगळ्या कॅनव्हासवर टिपत होते. ऊन सरकलं की कॅनव्हास बदलायचा. पण ती चित्रं पूर्ण झाली जिव्हर्नीच्या स्टुडिओत, आणि त्यांतल्या बहुतेकांवर तारीख पडली १८९४ ची. म्हणजे चित्रावरची तारीख ही उजेडाची तारीख नाही! शिवाय मोने यांना १९१२ मध्ये मोतीबिंदूचं निदान झालं आणि १९२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली. त्या काळातल्या चित्रांतला तांबूसपणा हवेचा, डोळ्याचा की मनाचा?

याचा अर्थ ते अभ्यास चुकीचे आहेत असा नाही. ते अभ्यासक एका चित्रावरून बोलत नाहीत. त्यांच्याजवळ बाहेरचा पुरावा असतो: भरतीचं गणित, उद्रेकाची तारीख, धुराचे आकडे. चित्र तिथे एकट्यानं साक्ष देत नाही, त्याच्या साक्षीला दुसऱ्या साक्षीदाराची जोड असते. माझ्या फसलेल्या प्रकरणात नेमकं हेच नव्हतं. माझ्याजवळ चित्र होतं, आणि तेही छापील.

डेव्हिड हॉकनी: उजेडाला वेळ लागतो

आता समकालीन कलावंतांकडे येऊ. हॉकनी यांचा जन्म १९३७ चा, इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचा. १९६४ मध्ये ते लॉस एंजलिसला गेले. तिथलं लख्ख ऊन, पोहण्याचे तलाव, सपाट भिंती त्यांनी ॲक्रिलिक रंगात आणल्या. 'अ बिगर स्प्लॅश' (१९६७) मध्ये तर सावली जवळजवळ नाहीच. माझ्यासारखा उतावळा विद्यार्थी लगेच म्हणेल, "यॉर्कशरचं ढगाळ आकाश सोडून कॅलिफोर्नियात गेले म्हणून चित्र उजळलं." अर्धं खरं आहे. पण ॲक्रिलिक लवकर वाळतं, त्याचे सपाट, स्वच्छ पट्टे देता येतात, हे विसरून चालत नाही. चित्रातला उजेड काही अंशी रंगाच्या डब्यातूनही येतो.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं पुढचं काम. कॅमेरा एका डोळ्यानं आणि एका क्षणात बघतो. माणूस दोन डोळ्यांनी, मान वळवत, वेळ घेत बघतो, ही त्यांची जुनी तक्रार. ऐंशीच्या दशकात त्यांनी शेकडो छोटे फोटो जोडून एक दृश्य तयार करायला सुरुवात केली. त्यांतल्या प्रसिद्ध चित्राचं नावच बघा: 'पेअरब्लॉसम हायवे, ११–१८ एप्रिल १९८६'. वाळवंटातल्या एका रस्त्याचं दृश्य, आणि नावात आठ दिवस! त्या चित्रातला उजेड कोणत्या वेळचा, असं विचारायला गेलं की उत्तर येतं: आठ दिवसांचा.

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला हॉकनी पुन्हा यॉर्कशरकडे वळले आणि वोल्डगेट नावाच्या एका साध्या गावाकडच्या रस्त्यावर ठाण मांडून बसले. तिथे ना भव्य डोंगर, ना धबधबा. झाडं, कुंपण, चिखल. 'बिगर ट्रीज निअर वॉर्टर' (२००७) हे चित्र पन्नास कॅनव्हासांचं आहे, रुंदी बारा मीटरच्या वर. ते चित्र त्यांनी पुढे टेट संग्रहालयाला भेट दिलं. मग आयपॅड आला. २०११ च्या वसंताच्या आगमनावर त्यांनी बत्तीस कॅनव्हासांचं एक मोठं चित्र आणि आयपॅडवरची एक्कावन्न रेखाटनं केली, आणि २०१२ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत ती मांडली. प्रत्येक रेखाटनाच्या नावात तारीख आहे. २०२० मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत, नॉर्मंडीत बसून त्यांनी पुन्हा तोच उद्योग केला.

आता संशोधक म्हणून विचार करा. इथे तारीख आहे, जागा ठाऊक आहे, एकाच जागेची अनेक चित्रं आहेत. मोने यांच्या कॅथेड्रलपेक्षा हा पुरावा मजबूत वाटतो. पण नवा पेच उभा राहतो. आयपॅडच्या पडद्याला स्वतःचा उजेड असतो. तिथे पिवळा रंग मागून उजळलेला असतो. तेच रेखाटन कागदावर मोठं छापून प्रदर्शनात लागतं तेव्हा उजेड समोरून पडून परत येतो. मग 'मूळ' चित्र कोणतं? पडद्यावरचं की कागदावरचं? तुम्ही प्रबंधात 'या चित्रातला हिरवा रंग भडक आहे' असं लिहिलंत, तर कोणत्या हिरव्याबद्दल बोलताय ते सांगावंच लागेल. काही समीक्षकांना हे रंग खोटे वाटले, काहींना ताजे वाटले. मला वाटतं, वाद घालण्याआधी दोघांनी एकच वस्तू पाहिली होती का, हे तपासायला हवं.

हॉकनींकडून मी घेतलेला धडा: चित्रातला उजेड क्षणाचा असतो असं गृहीत धरू नका. तो कालावधीचा असू शकतो. आणि माध्यमाची नोंद न करता रंगाबद्दल एक वाक्यही लिहू नका.

ओलाफुर एलियासन: उजेड चित्रात नाही, खोलीत

एलियासन यांचा जन्म १९६७ मध्ये कोपनहेगनला झाला, आईवडील आइसलँडचे. ऑक्टोबर २००३ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नच्या प्रचंड टर्बाइन हॉलमध्ये त्यांनी 'द वेदर प्रोजेक्ट' मांडलं. हॉलच्या एका टोकाला सुमारे दोनशे दिव्यांचा अर्धगोल. छताला आरसे. आरशात अर्ध्या गोलाचं प्रतिबिंब पडून पूर्ण सूर्य तयार व्हायचा. हवेत हलकं धुकं सोडलेलं. मार्च २००४ पर्यंत वीस लाखांहून जास्त लोक येऊन गेले. लोक जमिनीवर उताणे पडून छतातल्या स्वतःच्या इवल्याशा प्रतिबिंबाकडे बघत राहायचे.

गंमत दिव्यांत आहे. ते एकाच तरंगलांबीचा पिवळा प्रकाश देणारे दिवे होते. अशा उजेडात बाकीचे रंग दिसतच नाहीत. लाल साडी असो की निळा शर्ट, सगळं पिवळं आणि काळं. आपल्याकडे रस्त्यांवर पिवळे सोडियमचे दिवे होते, तेव्हा रात्री लाल गाडी तपकिरी दिसायची, आठवतंय? साधारण त्याच जातीचा अनुभव, पण टोकाला नेलेला. आणि त्यांनी यंत्रणा लपवली नाही. मागे जाऊन तारा, पत्रे, दिवे बघता यायचे. 'हा सूर्य बनवलेला आहे' हे प्रेक्षकाला ठाऊक होतं, तरी तो त्या उन्हात पडून राहत होता.

हे भूदृश्य आहे का? कॅनव्हास नाही, डोंगर नाही. पण आकाश, धुकं, सूर्य आणि त्याखाली जमलेली माणसं आहेत. भूदृश्य रंगवण्याऐवजी त्यांनी भूदृश्य बघण्याची अवस्था तयार केली. मग प्रश्न येतो तो इतिहासकाराचा: काम मार्च २००४ मध्ये उतरवलं गेलं. आज तुम्ही-मी त्याचा अभ्यास कशावरून करणार? फोटोंवरून. आणि कॅमेरा त्या एकरंगी उजेडाला स्वतःच्या पद्धतीनं भाषांतरित करतो. कोणत्या फोटोत तो सूर्य केशरी, कोणत्या फोटोत लिंबाच्या रंगाचा. इथे पुन्हा माझा कॅटलॉगचा पिवळा कागद समोर येतो! फरक इतकाच की इथे मूळ वस्तू पाहायला जाण्याची सोयच उरलेली नाही. अशा वेळी दिव्यांचा तांत्रिक तपशील, आराखडे आणि प्रत्यक्ष गेलेल्या लोकांची वर्णनं हेच मुख्य पुरावे होतात. फोटो त्यांच्या मागे.

एलियासन यांचं आणखी एक काम संशोधकांनी आवर्जून बघावं. १९९९ मध्ये त्यांनी आइसलँडच्या हिमनद्यांचे हवाई फोटो घेतले. वीस वर्षांनी, २०१९ मध्ये, ते त्याच जागांवर परत गेले आणि तेच कोन पुन्हा टिपले. जोड्या शेजारी-शेजारी लावल्या. बर्फ किती मागे सरकला ते सांगायला मथळा लागत नाही. मी सेमिनारमध्ये दोन चित्रं शेजारी लावली होती, त्यांनीही दोन फोटो शेजारी लावले. मग त्यांचं चाललं आणि माझं का नाही? कारण त्यांनी जागा, कोन आणि पद्धत तीच ठेवली, बदलला तो फक्त काळ. माझ्या जोडीत कागद, छपाई, आकार, सगळंच वेगळं होतं. तुलना करायची तर एक गोष्ट बदला आणि बाकीच्या धरून ठेवा. विज्ञानाच्या मुलांना हे नववीत शिकवतात. आम्हा कला शाखेच्या मुलांना पीएचडीत अडखळून शिकावं लागतं.

सुधीर पटवर्धन: ठाण्याचा उजेड

आता आपल्या जवळचे. सुधीर पटवर्धन यांचा जन्म १९४९ चा, पुण्याचा. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयातून १९७२ मध्ये ते डॉक्टर झाले, पुढच्या वर्षी मुंबईला आले आणि १९७५ पासून ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून त्यांनी तीस वर्षं काम केलं. २००५ मध्ये ते काम थांबवून पूर्ण वेळ चित्रकला. १९८१ च्या 'प्लेस फॉर पीपल' या महत्त्वाच्या प्रदर्शनातल्या सहा चित्रकारांपैकी ते एक. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन झालं. तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल.

त्यांचं नाव माझ्या पहिल्या यादीत नव्हतं. का? ते 'निसर्गचित्रकार' नाहीत म्हणून! 'टाऊन' (१९८४) किंवा 'लोअर परेल' (२००१) ही चित्रं 'भूदृश्य' म्हटल्याशिवाय माझ्या अभ्यासात आलीच नसती. एका शब्दानं केवढा मोठा चित्रकार बाहेर राहिला होता, याचा विचार केला तरी अजून लाज वाटते.

आता एक मोह सांगते. रेडिओलॉजिस्ट म्हणजे दिवसभर एक्स-रेच्या फिल्म उजेडासमोर धरून काळ्या-पांढऱ्यातून माणसाच्या आतलं वाचणारा डॉक्टर. तोच माणूस चित्रकार. मग 'त्यांच्या चित्रातला प्रकाश हा एक्स-रेच्या नजरेतून आलेला आहे' हे वाक्य किती सुंदर दिसतं! मी ते लिहिलंही होतं. मॅडमनी समासात फक्त एक शब्द लिहिला: "कशावरून?" चरित्रातला एक तपशील आणि चित्रातलं एक वैशिष्ट्य शेजारी ठेवलं म्हणून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. चित्रकाराच्या मुलाखती, वह्या, स्केचेस यांत दुवा सापडला तर लिहा. नाहीतर ते वाक्य कवितेसाठी राखून ठेवा.

मग लिहायचं काय? चित्रात जे दिसतं ते आधी. पटवर्धनांच्या मोठ्या शहरचित्रांत एकच दृष्टिबिंदू नसतो. वरून, समोरून, कोपऱ्यावरून पाहिलेले भाग एकत्र सांधलेले असतात. याचा उजेडावर परिणाम होतो. एकाच सूर्याची एकाच दिशेची लांब सावली अशा रचनेत सहज बसत नाही. मला तिथला उजेड बराचसा समान, सगळ्यांना सारखा वाटून दिलेला दिसतो. कोणी एक नायक उन्हात आणि बाकीचे अंधारात, असं नाही. हे माझं वाचन आहे. तुम्ही मूळ चित्रासमोर उभं राहून ते तपासा.

आणि मग बाहेरचा साक्षीदार आणा. लोअर परळचा इतिहास उपलब्ध आहे. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. संपानंतर अनेक गिरण्या पूर्ववत झाल्याच नाहीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी गिरण्यांच्या जमिनींचा मार्ग बांधकामाला मोकळा झाला, आणि भोंग्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले. जिथे चिमणी सोडली तर सगळं बैठं होतं, तिथे उंच इमारती आल्या की रस्त्यावर पडणारं ऊनच बदलतं. कोणाच्या खिडकीत सकाळ येते आणि कोणाच्या येत नाही, हा मग केवळ सौंदर्याचा प्रश्न राहत नाही. 'लोअर परेल'सारखं चित्र या बदलाच्या मधोमध, २००१ मध्ये, रंगवलेलं आहे. इथे चित्राचं साल, जागेचा इतिहास आणि कायद्याची तारीख एकमेकांशी बोलू लागतात. माझ्या फसलेल्या प्रकरणाला जे जमलं नव्हतं, ते इथे शक्य होतं.

मग उत्तर काय?

शीर्षकातल्या प्रश्नाचं माझं आजचं उत्तर असं: हो, चित्रातला उजेड पुरावा म्हणून वापरता येतो, पण तो आधी तीन गाळण्यांतून गेला पाहिजे. पहिली गाळणी वस्तूची. मी जे बघतेय ते मूळ आहे की नक्कल? माध्यम कोणतं? वार्निश, छपाई, पडदा, खोलीतला दिवा यांनी काय बदललंय? दुसरी गाळणी हाताची. हा उजेड चित्रकारानं पाहिला, आठवला की रचला? एका क्षणाचा की अनेक दिवसांचा? जागेवर की स्टुडिओत? तिसरी गाळणी बाहेरच्या साक्षीदाराची. चित्राशी संबंध नसलेल्या कोणत्या नोंदीनं माझं म्हणणं पडताळता येईल?

हे तिन्ही प्रश्न पार करून जे उरतं, ते बहुधा थोडं असतं. पण ते टिकतं.

आता व्यवहाराचं. मूळ चित्र पाहायला जाल तेव्हा सोबत एक साधी वही ठेवा. तारीख, वेळ, खोलीत उजेड खिडकीचा की दिव्याचा, दिवा पांढरा की पिवळा, चित्रावर काच आहे का, किती अंतरावरून पाहिलं, हे आधी लिहा. मगच चित्राबद्दल लिहा. फोटो काढायची परवानगी असेल तर पहिल्या फोटोत चित्राशेजारी एक कोरा पांढरा कागद धरा. नंतर रंगात काय फरक पडलाय ते कळतं. जलरंगाचं चित्र असेल तर सगळ्यात उजळ जागा शोधा. पारदर्शक जलरंगात ती बहुतेक वेळा रंगवलेली नसते, तो कोरा ठेवलेला कागद असतो. म्हणजे तो उजेड चित्रकारानं लावलेला नसून राखलेला असतो. तैलरंगात हेच उलट. तिथे पांढरा रंग शेवटी चढवता येतो. 'उजेड कुठे आहे?' या एका प्रश्नानं माध्यम कसं बोलू लागतं, ते अनुभवाल.

आणि मूळ चित्र पाहायला मिळालंच नाही तर? प्रवासाला पैसे नसतात, परवानगी मिळत नाही, चित्र खाजगी संग्रहात असतं. आपल्यापैकी बहुतेकांची हीच स्थिती आहे, त्यात कमीपणा नाही. मग रंगाबद्दल दावा करू नका. रचनेबद्दल, सावलीच्या दिशेबद्दल, दृष्टिबिंदूबद्दल बोला. या गोष्टी छपाईत बऱ्याच अंशी टिकतात. आणि तुम्ही कोणती प्रतिमा वापरली ते स्पष्ट लिहा. परीक्षक प्रामाणिक मर्यादेला माफ करतात, झाकलेल्या मर्यादेला नाही.

माझ्या चाळीस पानांपैकी आज प्रबंधात एक परिच्छेद शिल्लक आहे. त्यात मी सांगितलंय की मी काय चुकले आणि त्यावरून पुढची पद्धत कशी ठरली. मॅडम म्हणाल्या, "अगं, हाच तुझा पद्धतीचा भाग. हा काढू नकोस." तो पिवळा पडलेला कॅटलॉग अजून माझ्या टेबलावर आहे. नवीन प्रतिमा हाती आली की आधी त्याच्याशेजारी ठेवते आणि स्वतःला विचारते, हा पिवळेपणा कुणाचा?

तुमच्या विषयात असा 'पिवळा कागद' कुठे लपलाय, ते सिनॉप्सिस देण्याआधी एकदा शोधा. सापडला तर घाबरू नका. बऱ्याचदा खरा विषय तिथूनच सुरू होतो.